भूकंपाची दुसरी बाजू

तरुणपणी आमच्या यांना सगळे ‘भूकंप’ म्हणायचे. हे संगीताच्या यंत्रांसमोर उभे राहून बटणं फिरवायला लागले की नाचणाऱ्यांच्या पायाखालची फरशी थरथरायची. त्याच माणसाने साठी ओलांडल्यावर अशी रेकॉर्ड काढली, की पहिला ठोका कधी पडतो याची वाट बघता बघता मला डुलकी लागली.

रेकॉर्डच का, असं मी विचारलं होतं. तर म्हणे, मधे उठून बाजू उलटावी लागते, म्हणून माणूस लक्ष देऊन ऐकतो. मी पहिल्याच बाजूला घोरत होते, हे त्यांनी फार मनाला लावून घेतलं. दोन दिवस चहासुद्धा फुगूनच प्यायले.

यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, दातांच्या डॉक्टर. त्यांनी एक रेकॉर्ड नेली, अडगळीतला जुना प्लेअर पुसून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ठेवला आणि आठवड्याने कौतुकाचा फोन केला. एक पेशंट म्हणे दाढ कोरताना खुर्चीतच झोपला, तोंड उघडं ठेवायची सूचनासुद्धा करावी लागली नाही. आता भुलीचं औषध कमी लागतं, असंही वर जोडलं.

यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी काय झोपेच्या गोळ्या करतो का, असं पुटपुटत दुसऱ्या दिवशी थेट दवाखाना गाठला. तमाशा होऊ नये म्हणून मीही मागोमाग गेले.

बाहेरच्या खोलीत भिंतीलगत खुर्च्या, टेबलावर प्लॅस्टिकचा जबडा, कोपऱ्यात फिरणारी रेकॉर्ड. हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. माझ्या शेजारी गाल सुजलेल्या एक शिंपीणबाई होत्या. गाल दुखत असला तरी जीभ ठणठणीत होती. त्यांनी आपणहून सांगितलं, की तरुणपणी त्या कुणा भूकंपाच्या कार्यक्रमांना जायच्या आणि नाचताना ज्याच्या पायावर पाय दिला, त्याच्याशीच पुढे लग्न झालं.

“मेल्याने कान बधिर केले आमचे,” त्या म्हणाल्या. “हा मात्र कुणी समजूतदार माणूस दिसतो.”

वर्तमानपत्र जरासं खाली आलं. मी यांच्या पायाला हळूच पाय लावला. पुन्हा वर गेलं.

तेवढ्यात बाजू संपली. सुई खरखरत राहिली. काउंटरवरची मुलगी फोनवर होती. यांना राहवेना. उठून रेकॉर्ड हातात घेतली, तर बाई म्हणाल्या, तीच बाजू लावा पुन्हा, दुसरी इथे कुणी ऐकतच नाही, तोवर नंबर येतो.

यांनी तरीही दुसरी बाजू लावली. बराच वेळ नुसतं पाणी झिरपल्यासारखं वाजत होतं. मग खालून एक ठोका आला, सावकाश, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. बाईंची चप्पल फरशीवर हलायला लागली. हे त्या चपलेकडे असे बघत होते, की मला माझं लग्न ठरलं तेव्हाचे हेच आठवले.

बाईंना आत बोलावलं, तर त्या म्हणाल्या, “एवढं होऊ दे, मग येते.”

आवाज ऐकून वन्सं दारात आल्या. भाऊ दिसला मात्र, त्यांनी बोटाने खूण केली. “आलाच आहेस तर तुझीही दाढ बघते. किती वर्षं चुकवतोयस.”

फरशी हलवणारा माणूस खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. दाढ काढावीच लागली.

परत येताना तोंडात कापूस आणि अर्धा चेहरा बधिर. काहीतरी सांगायची धडपड चालली होती, पण नुसतं ‘ऊं ऊं’ निघत होतं. अशी संधी मला संसारात प्रथमच मिळाली होती. मी सांगून टाकलं, की तुमच्या धडधडाटाच्या दिवसांत तुम्ही घरी येईपर्यंत माझा डोळा लागत नसे. आता वाजवणारा शेजारीच बसलेला असतो, मग झोप नाही यायची तर काय?

हे थांबले. बधिर ओठांनी हसायला गेले आणि हसू एकाच गालावर उमटलं. मी रुमालाने त्यांची हनुवटी पुसली आणि आम्ही घरी आलो.