बाभळीच्या शेंगांचं पोतं

सोपानराव ढेरंगे हे नाव ऐकून कुणालाही वाटावं, की हे गृहस्थ सोसायटीचे चेअरमन असणार. पण त्यांच्या पुस्तकांवर हटकून एक पिस्तूल असे आणि पिस्तुलासमोर घाबरलेली बाई. अठ्ठ्याण्णव साली त्यांची पन्नासावी रहस्यकादंबरी 'पुसलेला माग' आली आणि शिरूरपासून दौंडपर्यंत जो तो तिच्यात डोकं घालून बसला. पुण्याच्या पेपरांनी तर ताळच सोडला. एकानं सोपानरावांचा दिनक्रम छापला, दुसऱ्यानं ते कोणत्या रंगाच्या शाईनं खून करतात, तेही छापलं.

हर्षदा गव्हाणे अशाच एका पेपरची शिरूरची वार्ताहर होती. बातम्यांचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच वाचायचं, असं तीन वर्षं चाललं होतं. वडील रोज पेपर उलटापालटा करून विचारत, "यातलं तुझं कोणतं?" तिला ते फार लागायचं. म्हणून रविवारच्या पुरवणीच्या साहेबांचा फोन आला, तेव्हा ती उभी राहूनच बोलली.

"ग्रामीण भागात सोपानरावांची लोकप्रियता," साहेब म्हणाले. "चार वाचक, चार कौतुकं. परवा शिरूरला त्यांचा सत्कार आहे, त्यांचीही दोन वाक्यं घ्या. लेख तुमच्या नावानं छापू."

तीन कौतुकं तर बसल्या जागी मिळाली. कौतुक करायला आपल्याकडे माणसं एका पायावर तयार असतात, त्यात फोटो येणार म्हटल्यावर विचारूच नका. चौथ्यासाठी ती सणसवाडीला गेली. तिथं बाळासो नावाचा गृहस्थ कंपन्यांतल्या कामगारांना पुस्तकं भाड्यानं द्यायचा. त्यानं वही उघडून दाखवली. 'पुसलेला माग' एकाच माणसानं सात वेळा नेलं होतं. शंभू, राहणार राहू, ता. दौंड.

हर्षदा चक्रावली. खुनी कोण ते एकदा कळल्यावर रहस्यकथा दुसऱ्यांदा कोण वाचतं? आणि सात वेळा? तो प्रश्न डोक्यातून जाईना, तेव्हा दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून तिनं राहू गाठलं.

शंभू ड्युटीवर होता. घरी त्याचे आजोबा म्हस्कू आबा आणि बारावीतली बहीण प्रगती. आबांनी निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. आता मेंढरं विकून ऊस आणि कांदा करत होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. शंभू पुस्तक आणायचा, प्रगती वाचायची आणि आबा ऐकायचे.

"सात वेळा ऐकलंत, म्हणजे फारच आवडलं असेल," हर्षदानं वही काढली.

"आवडलं? ताई, त्यात निर्दोष मानूस फाशी गेलाय."

हर्षदानंही कादंबरी वाचली होती. नदीच्या वाळूत इनामदाराचा धाकटा भाऊ मरून पडतो. माणसाचं एकही पाऊल दिसत नाही, सगळीकडे मेंढरांचे खूर. गुप्तहेर म्हणतो, म्हाळू धनगरानं खून केला आणि आपली पावलं पुसायला वरून मेंढरं हाकली. शेवटच्या प्रकरणात म्हाळूला फाशी होते.

"गोष्ट आहे, आबा," ती म्हणाली.

"गोष्ट हाय ते मला कळतंय. पर मेंढरं हाकणारा कुठं असतो? मागं. त्याचं पाऊल खुराच्या वर पडतं. हितं वर येकबी पाऊल न्हाई. म्हंजी मागं कुणी नव्हतंच. खुनी पुढं चालला, मेंढरं त्याच्या मागनं गेली आन् त्याची पावलं पुसली."

"मग पुढं म्हाळूच चालला असेल."

आबांनी नातीकडं पाहिलं. प्रगतीनं खुणेचं पान उघडून वाचलं. गुप्तहेर वाळूतून जाताना त्याच्या पायाखाली बाभळीच्या शेंगा कडकन मोडतात.

"आपल्या मेंढराला नुसती हाळी दिली की बास," आबा म्हणाले. "मेंढरं मागं यावीत म्हून शेंगा टाकाव्या लागत्यात त्या परक्याला. आता बारावं पान वाच."

बाराव्या पानावर इनामदाराच्या ओसरीचं वर्णन होतं. झोपाळा, पितळी तस्त, कोपऱ्यात बाभळीच्या शेंगांचं पोतं.

"ज्याच्या दारात ना शेळी ना मेंढी, त्याला शेंगांचं पोतं कशापायी?"

हर्षदानं पुस्तक हातात घेतलं. ते पान तिनं वाचलं होतं, हजारो लोकांनी वाचलं होतं, आणि सगळ्यांना तिथं फक्त पोतं दिसलं होतं. आबांना एवढंच हवं होतं, की हे कुणीतरी लेखकाच्या कानावर घालावं. "बिचाऱ्याला मेंढरातलं कळत नसंल. चूक कुनाचीबी व्हती," ते म्हणाले.

सत्काराच्या दिवशी हर्षदा आबांना आणि प्रगतीला घेऊनच विश्रामगृहावर गेली. सोपानराव हार-तुऱ्यांच्या ढिगात चहा पीत होते. माणूस तसा दिलदार. त्यांनी आबांना शेजारी बसवलं आणि हसत हसत ऐकायला सुरुवात केली. शेंगांपर्यंत आल्यावर ते हसायचे थांबले. पोत्याचं नाव निघालं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"ते पोतं काढायचं राहून गेलं," ते पुटपुटले.

"म्हणजे?" हर्षदानं विचारलं.

"खून इनामदारानंच केला होता. मी तसंच लिहिलं होतं. प्रकाशक म्हणाले, इनामदार मंडळी हरकत घेतील, कोर्टात जातील. दोन दिवसांत शेवट बदलला."

"आन् म्हाळूच का?" आबांनी विचारलं.

सोपानरावांनी हारातलं फूल कुस्करलं. "प्रकाशकांचं म्हणणं पडलं, धनगर काही पुस्तकं वाचत नाहीत."

आबा उठले नाहीत की त्यांनी आवाज चढवला नाही. "मला वाटलं, तुमाला ठावं नसंल," एवढंच म्हणाले. हर्षदाला त्या शब्दांनी लाजल्यासारखं झालं, जणू तो शेवट तिनंच बदलला होता.

"ताई, हे आपल्यातच राहू द्या," सोपानराव म्हणाले.

तिनं ते सगळं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुरवणीच्या साहेबांचा फोन. लेख झकास आहे, फक्त म्हाताऱ्याचा भाग काढतो. सोपानराव आमच्या दिवाळी अंकात आहेत, समजून घ्या. नाव मोठ्या टायपात टाकतोय.

हर्षदानं रिसीव्हर तसाच कानाशी धरला. मोठ्या टायपातलं नाव तिला दिसलं, वडिलांचा चेहरा दिसला. आणि मग तिला स्वतःचीच चीड आली, कारण क्षणभर ती खरोखर हो म्हणणार होती. "लेख छापू नका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पण तालुक्याचं पान पुरवणीच्या साहेबांच्या हातात नव्हतं. तिथं पाकिटातून येईल ते जागा असेल तसं लागायचं. तिनं आठ ओळींची साधी बातमी केली आणि संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. बुधवारी कांद्याचे भाव आणि कालव्याच्या पाण्याचं आवर्तन यांच्या मधोमध ती छापून आली: 'कादंबरीतील म्हाळू निर्दोष, लेखकाची कबुली'.

ते पान शिरूर आणि दौंडपलीकडे जात नव्हतं. पुण्याला त्याचा पत्ताही लागला नसेल. हर्षदा पेपर घेऊन राहूला गेली. प्रगतीनं खणखणीत आवाजात बातमी वाचली. आबांनी दोनदा वाचायला लावली.

"कुणी ल्हिलंय म्हून छापलंय?" त्यांनी विचारलं.

"आमच्या वार्ताहराकडून," प्रगतीनं वाचलं.

"हिचं नाव न्हाई?"

"या पानावर नाव नसतं, आबा," हर्षदा म्हणाली.

आबांनी प्रगतीला बॉलपेन आणायला सांगितलं. बातमीखाली तिनं वळणदार अक्षरात 'हर्षदा गव्हाणे, शिरूर' असं लिहिलं. आबांनी पेपर जवळ ओढला आणि अक्षरांवर बोट टेकवलं.

"हितं हाय व्हय?"

"जरा डावीकडं," प्रगती म्हणाली, आणि तिनं त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं.