आज्यांचं पाणी

चुलीभोवती बसायचं तर आधी धूर कुठे जातो ते पाहायचं, ही जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायकांची जुनी रीत. धूर येत नाही ती बाजू खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या जाणत्या बायकांची, बाकीच्यांनी डोळे चोळत बसायचं. आता कपडे बदलायला गरम पाण्याची खोली झाली होती, तरी मोठा निर्णय असला की सगळ्या अजून काळ्या दगडांच्या या कुंपणात, चुलीपाशीच येत. आज बिनधुराच्या बाजूला मिरानला बसवलं होतं. तिने आयुष्यात समुद्रातून एक शंखसुद्धा वर आणला नव्हता. एवढा मान मिळाला की एखादीच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं, पण मिरानला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

झालं होतं असं. एका वीज कंपनीने लेखकांना सांगितलं, पन्नास वर्षांनंतरचं एक गाव कल्पून लिहा, कोळसा न जाळता वीज करणारं. मिरान राजधानीत, सोलमध्ये राहून विज्ञानकथा लिहायची. तिने आपलंच गाव लिहिलं. छपराछपरावर ऊन पिणाऱ्या काचा, वादळ आलं की आपोआप मिटणारी पाती, समुद्रात रांगेने पवनचक्क्या. गोष्टीतली छोटी मुलगी ओहोटीला पाण्यातून चालत खांबापाशी जाते, त्याला कान लावते आणि उद्याचा वारा कसा असेल ते गावाला सांगते. हा प्रसंग सगळ्यांना फार आवडला. मुलीला चालत जाता यावं म्हणून मिरानने खांब गावाखालच्या उथळ पाण्यात रोवले होते. कंपनीच्या इंजिनिअरांनी पाहिलं, तर जागा सोयीची आणि स्वस्तही. गोष्टीचा नकाशा झाला, आणि त्याला पाणबुड्या बायकांचा होकार घ्यायला कंपनीचा साहेब गावात आला.

त्या उथळ पाण्याला गावात आज्यांचं पाणी म्हणत. ज्यांना खोलवर जाणं झेपत नाही, त्या म्हाताऱ्यांसाठी ते राखलेलं. तरण्या बायकांनी तिथे उतरायचं नाही, तळाशी कितीही मोठा शिंपला दिसला तरी. मिरानची आई चोमन्यो याच वसंतात तिथे उतरायला लागली होती.

मिरानला हे माहीत नव्हतं असं थोडंच? माहीत होतं, आणि तेच तिला खात होतं. लिहिताना तिने मनाशी म्हटलं होतं, पन्नास वर्षांनी कोण उरतंय! आणि एका वाक्यात पाणी मोकळं केलं होतं: ‘तोवर पाण्यात उतरणाऱ्या बायका उरल्या नव्हत्या.’

"वाच की गं," बायकांची म्होरकी कांग सामचुन म्हणाली. गावात थोरामोठ्यांना, बाई असो की बुवा, सामचुनच म्हणायचं. "चौथ्या पानावर आम्हाला मारलंस, तिथपर्यंत तरी वाच."

सगळ्या खिदळल्या.

"आणि मला कशाने मारलंस ते लिहिलंच नाहीस," शेजारची ओ सामचुन म्हणाली. "गुडघ्यांनी गेले, की सुनेच्या हातचं खाऊन?"

"सामचुन, ती नुसती गोष्ट होती हो," मिरान पुटपुटली.

"नुसत्या गोष्टीवर साहेब लोक येतात होय?" कांग सामचुनने समोर बोट दाखवलं. कंपनीचा साहेब नेमका धुरात बसला होता आणि रुमालाने डोळे पुसत होता. "हे बघा बायांनो, समुद्र तापलाय. तळाचं शेवाळ पांढरं पडलंय, शंख फोडला तर आत काही नाही. वाऱ्याची वीज हवी, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आणि लिहिलंय आपल्या पोरीने. आपणच नाही म्हटलं, तर सोलमध्ये हिला कोण विचारील? आपलेच दात, आपलेच ओठ. मी तर हात वर करते."

एकेक हात वर जाऊ लागला. ओ सामचुनचा गेला. चोमन्यो राखेतलं रताळं सोलत होती. तिने ते खाली ठेवलं, हात गुडघ्याला पुसला आणि लेकीकडे न बघता वर केला.

"आई, हात खाली घे!" मिरान उठूनच उभी राहिली. "सगळ्याच घ्या. चक्क्या समुद्रातल्या काळ्या कातळापलीकडेही उभ्या राहतील, तिथे वारा जास्त आहे. मी त्या जवळ आणल्या, कारण त्या मुलीला खांबाला कान लावायचा होता. एवढंच. एका गोंडस प्रसंगापायी मी तुमचं पाणी घेतलं. माझं चुकलं."

"पण बाहेर पाणी खोल आहे," साहेब घाईने म्हणाला. "खर्च वाढेल, कामाला वेळ लागेल."

 कातळापलीकडचं पाणी कांग सामचुनचं आणि तिच्या जोडीच्या बायकांचं, सगळ्यात भरघोस माल देणारं. तिने त्यांच्याकडे एकवार पाहिलं. एकीने खांदे उडवले.

"आमचं थोडं जाईल," कांग सामचुन म्हणाली. "जाऊ दे, आमचे पाय धड आहेत अजून. साहेब, गोष्ट लिहिणारीच म्हणते जागा चुकली. नकाशा बदला आणि मग या. आणि पुढच्या वेळी या बाजूला बसा, डोळे गेले तुमचे."

मायलेकी किनाऱ्याकडे निघाल्या. चोमन्योच्या खांद्यावर जाळं आणि पाण्यात दम घ्यायला धरायचा नारिंगी तरंगा होता, हातात ते रताळं. मिरानला वाटलं, आई काहीतरी बरं बोलेल. शेवटी मिराननेच विषय काढला.

"तुझं पाणी राहिलं ना, आई?"

"माझं?" चोमन्यो थांबली. "मी अशी किती वर्षं उतरणार? पन्नास वर्षांनी तुझं वय काय होईल गं?"

मिरानने मनात हिशेब केला. तेव्हा ती आज्यांच्या वयाची असणार होती.

"तेव्हा तिथे उतरायची पाळी तुझी. माझ्या आईने माझ्यासाठी राखलं, मी तुझ्यासाठी राखत होते." चोमन्योने रताळ्याचा उरलेला तुकडा लेकीच्या हातात ठेवला. तो अजून गरम होता. "तू परत येणार नाहीस, हे मला कळत होतं. पण तुझंही इतकं पक्कं ठरलंय, हे ते ‘उरल्या नव्हत्या’ वाचल्यावर कळलं."

तिने डोळ्यांवर काच ओढली आणि ती पाण्यात शिरली. थोड्या वेळाने दूरवर तिने दम सोडल्याची लांब शीळ ऐकू आली. मिरान हातातलं रताळं तसंच धरून उभी होती.