शंभर दिवसांच्या आत

ग्वात सिमने बून केंगला रविवारी दुपारी 'आपलं आता संपलं' असं सांगायचं ठरवलं होतं. सहा वर्षं बरोबर फिरून आता दोघांत बोलायला एकच विषय उरला होता: जेवायचं कुठे. पण रविवारी सकाळीच त्याची आजी गेली. अशा दिवशी हे बोलू नये एवढं तिलाही कळत होतं. म्हणून ती नुसती भेटायला गेली, आणि तिथेच फसली.

पिनांगच्या त्या गल्लीत मांडवाने अर्धा रस्ता अडवला होता. अशुभ लागू नये म्हणून टेबलावरच्या बशीत ठेवलेला लाल दोरा तिने उचलला, तसा बून केंगच्या आत्याने तिच्या हातावर फटका मारला.

"दोरा पाहुण्यांना! तू काय पाहुणी?"

आणि आत्याने नातवंडांनी लावायचा सुतकाचा निळा कापडी तुकडा तिच्या बाहीला टाचूनही टाकला.

"आत्या, अजून लग्न कुठे झालंय?"

"मग करा की! घरात मरण झालं की लग्न शंभर दिवसांत उरकायचं, नाहीतर सुतकाची तीन वर्षं थांबायचं. तोवर तू चाळिशीची. उद्याच्या पेपरातल्या निधनाच्या बातमीत नातसून म्हणून तुझं नाव दिलंय. आजी शेवटपर्यंत तुझीच आठवण काढत होती, पोरी."

आजी तिला शेवटपर्यंत मीटर बघायला येणारी बाई समजत होती.

ग्वात सिमने बून केंगला मांडवामागे गाठलं.

"मला तुझ्याशी लग्न करायचं नाहीये."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की तिला जरा अपमानच वाटला.

"मलाही नाही गं. नववर्षापासून सांगेन म्हणतोय."

सहा वर्षांत तो तिला इतका कधीच आवडला नव्हता.

"मग जा, आईला सांग."

"मी? तू सांग ना. तुझं ती ऐकते."

दोघांनी आत डोकावलं. दिवसभर उपाशी असलेली त्याची आई पेज खात होती. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात पंचांग. मध्येच डोळे पुसून ती एखाद्या तारखेवर बोट ठेवत होती.

"आत्ता कुठे घास गेलाय तिच्या पोटात," बून केंग म्हणाला. "सुतकाचे सगळे दिवस होऊ देत, मग सांगू."

"किती दिवस?"

"एकोणपन्नास."

"तोवर लग्नाच्या हॉलचे पैसे भरले जातील, बावळटा!"

घंटा वाजली. "नातू, नातसून, पुढे या!" आत्या ओरडली.

दोघं शवपेटीसमोर शेजारीशेजारी गुडघ्यांवर बसले, एकदमच वाकले. बून केंग उठला. ग्वात सिम कपाळ जमिनीला टेकवून तशीच राहिली.

"बघा," आत्या मागे कुणाला तरी म्हणाली, "किती माया!"