आईच्या वाटणीची वेणी

म्वानाइशा हे नाव महाडात कुणाच्या जिभेवर टिकलं नाही, म्हणून ती आयशा झाली. मोंबासाची ही पोर मस्कतला एका केसांच्या दुकानात कामाला होती. तिथे महाडच्या मुदस्सरशी तिचं जमलं आणि ती सावित्रीकाठी सून होऊन आली. सुरुवातीला गावाने तिचा रंग बघितला, मग केस बघितले, आणि पोटभर बघून झाल्यावर आपलेच केस घेऊन तिच्या दारात येऊन बसलं. गावांची तऱ्हाच अशी.

घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. तिथे ती जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस गाळी, त्यात खोबरेल घाली, बाटल्या भरी. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकेतल्या मुली पार्सलने माल मागवत आणि फोनवर आपली सुखदुःखंही सांगत बसत. रविवारी इथल्या कुरळ्या केसांच्या बायका जमत. त्यात पोलादपूरची उज्ज्वला होती, सरकारी कचेरीतली कारकून. तिच्या आईने तिचे केस कोरडेच बारीक फणीने ओढले होते, वर तेलाने चापूनचोपून बसवले होते. कुरळे केस म्हणजे पोरीला वळण नाही, असं त्या माउलीचं गणित. आयशाने पहिल्याच दिवशी तिची फणी काढून घेतली. ती अजून परत दिलेली नाही.

बसायची रीत मोंबासाची. एकीच्या पुढ्यात दुसरी, तिच्या पुढ्यात तिसरी, आणि मागचीने पुढचीची वेणी घालायची. सगळ्यांच्या मागे आयशा. तिच्या मागे मात्र भिंत. तिचे स्वतःचे केस कायम रुमालाखाली.

"तुझी वेणी कोण घालतं गो?" कुणीतरी विचारायचंच.

"आई घालेल. यंदा जाणार हाय."

हे यंदा बरीच वर्षं चाललं होतं. एका साली पूर आला आणि खोलीभर चिखल झाला, मग पोर झालं, मग पोराचं आजारपण. मोंबासाहून निघताना तिने आईला शब्द दिला होता, विंचरणं माझं मी करीन, पण वेणी तुझ्याच हातची. आईच्या दोन गुडघ्यांत मान देऊन बसायचं, तिची बोटं मानेवरून वर चढू लागली की डोळे मिटायचे, याहून जास्त तिला काही नको होतं. त्या बोटांची आठवण आली की आयशाचं डोकं खरोखर दुखायचं.

यंदाच्या पावसाळ्यात ती अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. डाव्या हाताने केस काही आवरेनात. गुंता वाढत चालला तशी सासू, रजिया, समोर येऊन उभी राहिली.

"जट होईल त्याची. एकतर मला हात लावू दे, नायतर न्हाव्याला बोलवते."

"अम्मी, तुम्हाला नाय जमायचं."

"इतकी वर्षं मी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडते. माझे डोळे काय तांदळात होते?"

रविवारी रांग बसली आणि पहिल्यांदाच तिच्या मागे कुणीतरी बसलं. रजियाने पाणी मारलं, रस चोळला, टोकाकडून बोटांनी गुंता सोडवत आणला. म्हातारीने सगळं बरोबर टिपलं होतं.

तेवढ्यात आईचा रविवारचा फोन आला. उज्ज्वलाने तो बाटलीला टेकवून उभा केला. पडद्यावरची आई लेकीच्या केसांतले ते परके हात नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "पोलेपोले."

"काय म्हणते?" रजियाने विचारलं.

"हळूहळू."

"हळूच तर करते," रजिया पुटपुटली, पण हात हलका झाला. मग आई तिकडून बोटाने दाखवायची, इथून घे, तिथे सैल सोड, आणि रजिया मान डोलवायची. तिच्या बोटांना लसणाचा वास होता. ती बोटं आईची नव्हती. तरी आयशाचे डोळे मिटले, मान सैल झाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हात चांगला हाय तुझ्या सासूचा," आई आपल्या भाषेत म्हणाली. हसत हसत पुढे म्हणाली, "मग आता तू कशाला येशील?"

बाकी कुणालाच ते कळलं नाही. मानेवरची शेवटची बट उरली होती. रजियाने तिचे तीन पेड केले होते. आयशाने डावा हात मागे नेऊन ते धरले.

"ही राहू द्या, अम्मी."

"का गो? एवढीच तर उरली."

"ती आईची हाय."

रजिया थबकली. तिची लेक माहरुख लग्न होऊन कुवेतला गेलेली. तिच्या डोक्याला आता तेल कोण लावतं, हे रजियाने फोनवर कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर रडू आवरलं नसतं. तिने पेड सोडले, बट हाताने सारखी केली आणि फोन उचलून आयशाच्या मानेपाशी धरला.

"दिसली?" तिने मराठीतच विचारलं.

आयशाची पाठ फोनकडे होती.

"काय करते ती?" तिने विचारलं.

"बोटं हलवते गो. वेणी घालते तुझी."

आयशाने मान खाली घातली, मोंबासाच्या घरी घालायची तशीच, आणि आईची वेणी होईपर्यंत ती जागची हलली नाही.