लंकाबाईची गॅसची टाकी

मित्रांनो, काष्टीच्या शिवारात एका गोठ्यामागे जी उलटी लोखंडी टाकी गंजत बसली आहे, ती मी. नगरच्या एका कारखान्यात मला ठोकून घडवलं. गोबर गॅसला सरकारचं अनुदान मिळालं आणि भिमाजी मला बैलगाडीत घालून घरी घेऊन आला. त्याची सगळी घाई बायकोसाठी, लंकाबाईसाठी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "चुलीचा धूर थांबवा, नाहीतर हिचे डोळे जातील."

खाली खड्ड्यात शेणाचा काला, त्यावर मी पालथी. गॅस साठला की मी आपोआप वर उचलली जायची. पहिल्या दिवशी शेजारच्या छबूबाईने नाक मुरडलं, "शेनाच्या जाळावरचा च्या? हंबरशील गं बया!" आणि दोन कप प्याली. सप्त्याला आलेले कीर्तनकार बुवा निळी ज्योत पाहून हात जोडून म्हणाले, "गाईच्या पोटी तेहतीस कोटी देव, हे जन्मभर गात आलो. त्यातला अग्निदेव आज डोळ्यांनी पाहिला, माउली!" तेव्हापासून लंकाबाई रोज सकाळी मला कुंकवाचं बोट लावू लागली. तिचं पाहून गावातल्या अकरा बायांनी अर्ज केले.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. गुरं छावणीत गेली. तिथलं शेण घरी आणायची मनाई. मी खाली टेकले ती टेकलेच.

अशात गोबर गॅसच्या तपासणीचे सरकारी साहेब आले. पाहुण्याला चहाशिवाय कसं जाऊ द्यायचं? लंकाबाईने काटक्या गोळा करून चूल पेटवली. साहेबांनी चहा घेतला, धूर पाहिला आणि लिहिलं, 'लोक चूलच पसंत करतात.'

"साहेब, गुरं छावणीला हायेत. शेन कुठनं आनू?" भिमाजी काकुळतीला आला.

"तुमचं खरं आहे हो. पण या कागदात दुष्काळाला रकानाच नाही."

अकराही अर्ज परत आले. माझं तोंड खाली, वाळल्या काल्यात.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी असे नियम लिहायला बसलं, तर नवी वस्तू देऊन थांबू नका. वाईट वर्षात पुन्हा ती वापरणाऱ्या बाईच्या दारी या आणि चहा कशावर केला, का केला, ते विचारा.

लंकाबाई अजून रोज सकाळी येते. रोजच्या चुलीच्या धुराने लाल झालेले डोळे पदराने पुसते, कुंकवाचं बोट पुढे करते. काल ते बोट माझ्यापासून चार अंगुळं अलीकडे, हवेतच टेकलं. मला पुढे सरकता आलं नाही.