पेरुमलच्या हाती शिट्टी

दर सोमवारी पेरुमल रेड्डीचा घसा बसलेला असे. फिजीतल्या बा नावाच्या गावातल्या त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाने खिळे मागितले, की हा बोटांच्या खुणांनी लांबी विचारायचा. घरी त्याची बायको सरोजनी हळदीचं गरम पाणी पुढे ठेवून म्हणायची, "बावन्न वर्षांचे झालात. पाय थकले, तोंड मात्र अजून विशीतच!"

याला कारण शनिवारचा फुटबॉल. पेरुमल चाळिशीपुढच्यांच्या संघात खेळायचा. थोडा वेळ जिवाच्या आकांताने धावायचा, मग गुडघा धरून बाहेर यायचा आणि उरलेला सामना बाकावर उभं राहून रेफ्रीचा उद्धार करायचा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात फिजीत कोणी धरू शकला नसता!

त्या शनिवारी रेफ्री होते सेरेमाया मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. पेरुमल नेहमीप्रमाणे बाहेर आला आणि त्याने तोंडाचा पट्टा सोडला.

"ओ मास्तर, डोळे घरी ठेवून आलात काय? आंधळ्याला शिट्टी दिली कुणी?"

लोक खो खो हसले. मास्तरांनी खेळ थांबवला. सावकाश बाकापाशी येऊन त्यांनी शिट्टी पेरुमलच्या तळहातावर ठेवली.

"तुम्हाला इथून सगळं दिसतं, भाई. मला जवळ असूनही दिसत नाही. उरलेला सामना तुम्हीच सांभाळा."

"मी? अहो, माझा गुडघा..."

"शिट्टी तोंडाने वाजते. ते तर ठणठणीत आहे!"

समोरच्या संघानेही टाळ्या वाजवून संमती दिली. झालं! पेरुमल मैदानात उतरला. चेंडू इकडे तर पेरुमल तिकडे. धापा टाकत तो गोलपाशी पोहोचतो न पोहोचतो, तोच पाच सुटलेल्या पोटांच्या गर्दीत चेंडू कशावर तरी आदळला.

"हात! हात!" एक संघ ओरडला.

"पोट! पोट!" दुसरा ओरडला.

पेरुमलला दिसली होती ती फक्त त्याच्याच संघातल्या जिवलग दोस्ताची, अझीमची, रुंद पाठ. आपल्याच संघाची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याने घाबरत घाबरत समोरच्या संघाला पेनल्टी दिली.

"तीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि आज असा दावा साधलास?" अझीम कडाडला. पेनल्टी गोलावरून मैदानाशेजारच्या उसात गेली, तेव्हा समोरचेही अंगावर आले, "उशिरा शिट्टी मारून आमच्या खेळाडूला बिथरवलंस!" आणि प्रेक्षकांतून सगळ्यांत खणखणीत आवाज आला, "आंधळ्याला शिट्टी दिली कुणी?"

तो सरोजनीचा होता! पेरुमलच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सामना बरोबरीत सुटला. झाडाखाली सगळे यंगोना, म्हणजे तिकडचं मुळांचं पेय, प्यायला बसले, तेव्हा पेरुमल मान खाली घालून अझीमपाशी गेला. "खरं सांगतो, मला दिसलंच नाही रे."

अझीमने वाटी रिकामी केली. "लागला होता हाताला."

"मग इतका का ओरडलास?"

"ओरडायचंच असतं ना! तूच शिकवलंस."

सरोजनी हसू दाबत म्हणाली, "दर सोमवारी तुमचा घसा शेकते. म्हटलं, ज्याला हे ऐकावं लागतं त्याच्या काळजाला काय होत असेल, ते एकदा तुम्हालाही कळू दे."

"यंदा आपल्याकडच्या तिघा रेफ्रींनी शिट्टी कायमची खाली ठेवली," मास्तर म्हणाले. "चूक माझ्याकडूनही होते, भाई. पण रेफ्रीच्या चुकीने एक सामना हातचा जातो. रेफ्रीच उरला नाही, तर खेळच जाईल. मग तुम्ही ओरडाल तरी कुणावर?"

पेरुमलने दोन्ही हात जोडले. "चुकलो, मास्तर!"

पुढच्या शनिवारी मास्तरांनी थ्रो चुकीच्या संघाला दिला. पेरुमल ताडकन बाकावर उभा राहिला. त्याचं तोंड उघडलं. सगळं मैदान त्याच्याकडे बघू लागलं.

"मास्तर..." तो म्हणाला, "ऊन फार आहे, पाणी आणू का?"

मित्रहो, बाहेर उभं राहून चुका काढायला फक्त तोंड लागतं. मैदानात उतरून निर्णय घ्यायला छाती लागते. जो ती दाखवतो, त्याला शिव्या देण्याआधी एकदा त्याच्या जागी उभं राहून बघा.