चार अक्षरं

“सहा अक्षरं,” भीमराज म्हणाला. “गुणिले एकोणीस पाट्या. विद्याधर, माझ्या मनगटाची वाट लागेल रे.”

शिवणीच्या लाकडाचे हातभर लांबीचे तुकडे त्याने गुडघ्यापाशी रचून ठेवले होते. पहिल्या तुकड्यावर मी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘गुणाजीचा पाडा’. माझं अक्षर चांगलं, म्हणूनच त्या रानात माझा काही उपयोग होता. बाकी मी कोयता हातात घेतला की भीमराज दोन पावलं लांब जाऊन उभा राहायचा.

“मग छोटं करू,” मी म्हणालो. “गुणाजीचा कशाला? इथे दुसरा पाडा आहे कुठे? नुसतं ‘पाडा’ कोर. चार अक्षरं वाचतील.”

आणि मीच रबर घेऊन ती चार अक्षरं पुसली. चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेला माणूस मी. तीन पानी पत्राचा विषय एका ओळीत बसवायचा, हेच माझं कसब. विद्याधरने लिहिलं की एक शब्द फालतू सापडायचा नाही, असं साहेब म्हणायचे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

भीमराज राहतो मानखुर्दला आणि ट्रॉम्बेच्या एका वर्कशॉपमध्ये सुतारकाम करतो. आठवडाभर खोकी ठोकून ज्याचं मन भरत नाही असा सुतार मी दुसरा पाहिलेला नाही. माघ संपला की दर शनिवारी-रविवारी तो आरे कॉलनीत येतो. तबेल्यांच्या मागे, ओढ्यापलीकडे गुणाजीबाबाचा पाडा आहे. घरं नऊ, आणि त्यांना लागून एक लहानसं रान. तिथला पाचोळा आम्ही झाडून काढायचो, वणवा लागू नये म्हणून घरांभोवती जमीन मोकळी ठेवायचो, आणि दुपारी सावलीत भीमराज पळ्या, डाव, पाट असं काहीबाही करत बसायचा. पडलेल्या फांदीला हात लावायचा, उभ्या झाडाला नाही, हा त्याचा नियम. मी फिरायला म्हणून एकदा तिकडे गेलो आणि तिथलाच झालो.

या वर्षी मात्र रानात काहीतरी बिघडलं होतं. ओढ्यालगतच्या झाडांवर लाल रंगाची कडी उमटली होती. रस्त्याच्या कडेला ताडपत्री घातलेलं एक पिवळं मशीन उभं होतं, आणि दर शनिवारी ते थोडं अलीकडे आलेलं असायचं. ते चालताना कुणी पाहिलं नव्हतं.

मग सुयोग आला. कंत्राटदाराचा माणूस, वयाने तिशीचा, बोलायला गोड.

“काका, रस्ता रुंद होणारच,” तो म्हणाला होता. “पण पाड्यातल्या लोकांनी लावलेली झाडं आपल्याला नकोत. तुम्ही खूण करून ठेवा ना. माझी पोरं तेवढी सोडून देतील.”

पाड्याने लावलेली झाडं एकोणीस होती. तिथे मूल जन्मलं की एक झाड लावतात आणि त्याला त्या मुलाचंच नाव पडतं. गुणाजीबाबाची लेक मीरा सहाव्या वर्षी तापाने गेली. तिचा फणस मात्र वाढत राहिला. चाळीस वर्षं बाबा त्याला ‘ती’ म्हणतो. ‘ती यंदा लय लागलीय,’ असं.

भीमराजने दोन दिवस खपून पाट्या कोरल्या. अक्षरं अशी खोल, की पावसाने पुसायची नाहीत. खिळा ठोकायला तो तयार नव्हता, म्हणून आम्ही काथ्याने बांधल्या. पहिली पाटी फणसाला. बाबाला वाचता येत नाही. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “आपलंच नाव ना, भाऊ?”

“आपलंच,” मी म्हणालो.

संध्याकाळी परत निघताना मी मागे वळून पाहिलं. एकोणीस झाडांच्या छातीवर एकोणीस पाट्या. मला उगीचच अस्वस्थ वाटलं. काहीतरी चुकीचं वाचतोय असं वाटलं, पण काय ते कळेना. बस आली आणि मी विसरलो.

पुढच्या शनिवारी ओढा ओलांडायच्या आधीच उजेड जास्त वाटला. भीमराज पुढे होता, तो थांबला. लाल कड्यांची झाडं गेली होती, ती जाणारच होती. पण पाड्याची एकोणीसही गेली होती. मधली करंजं, सुबाभळी, ज्यांच्यावर कसलीच खूण नव्हती, ती धडधाकट उभी होती. फणसाची कोवळी फळं मातीत तुडवली गेली होती. बुंध्याशी एक पाटी पडली होती. भीमराजने ती उचलली, वाचली, आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिली.

पाडा.

तेव्हा मला ते वाचता आलं.

मी सुयोगला फोन लावला. “मी नव्हतो हो काका त्या दिवशी,” तो म्हणाला. “नवीन पोरं होती. त्यांनी पाटी वाचली. लिहिलंय ना तुम्हीच, पाडा म्हणून? आता मी काय करू, सांगा. सोमवारी परत येतायत, रस्त्याच्या कडेचं थोडं उरलंय.”

गुणाजीबाबा ओसरीवर बसला होता. त्याने आरडाओरडा केला नाही, मला त्याचाच जास्त त्रास झाला.

“मला इचारलं त्यांनी,” तो म्हणाला. “पाटीवर बोट ठिवलं आन् म्हनले, बाबा, पाडा ना? मी म्हनलं, हो, पाडाच. तरी तोडली.”

भीमराज उठून ओढ्याकडे निघून गेला. मी तिथेच बसून राहिलो. सांगायला हवं होतं.

रविवारी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मी ओसरीवर विसरलेली ती पाटी बाबाने आपल्या दारावर ठोकली होती. मधोमध, खिळ्याने. त्याचं घर पाड्यातलं पहिलं, अगदी रस्त्याला लागून.

“झाड ग्येलं, नाव तरी ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “उद्या ती मानसं येतील. कुनाचं घर हाय ते त्यांना कळंल.”

भीमराजने माझ्याकडे पाहिलं. त्याचं उजवं मनगट सुजलं होतं, त्यावर पट्टी होती. “काढ ती,” तो हळूच म्हणाला.

“बाबा, ही जरा काढू का?” मी विचारलं.

“नको. घट बसलीय.” त्याने पाटीवर तळहात ठेवला. “का? काय वंगाळ लिवलंय?”

आता तरी बोलायचं होतं. तुमच्या मीराला मी मारलं, असं. मी म्हणालो, “नाही बाबा. अर्धवट राहिलंय. तुमचं नाव घालायचं राहिलं.”

बाबा खूश झाला. त्यानेच आतून स्टूल आणून दिलं.

ती पहिलीच पाटी होती. डावीकडे मी पुसलेल्या पेन्सिलीचा फिकट माग अजून दिसत होता. भीमराजने डाव्या हाताने पिशवीतली पटाशी काढून माझ्यापुढे धरली. “मला आज जमणार नाही,” तो म्हणाला. “तू पुसलीस, तूच कोर.”

मी स्टुलावर चढलो. शिवण मऊ लाकूड, असं भीमराज नेहमी सांगायचा. माझ्या हाताला ते दगड लागलं. पटाशी सटकायची, अंगठा कापला, उकार वाकडा गेला. भीमराज खाली स्टूल धरून उभा होता आणि एकदाही मला शिकवायला आला नाही. ऊन उतरलं तेव्हा ‘गु’ झाला होता आणि ‘णा’ची पहिली रेघ अर्ध्यावर होती. मान दुखली म्हणून मी वळलो. रस्त्याकडेच्या मशीनवरची ताडपत्री कुणीतरी काढून, घडी घालून बाजूला ठेवली होती.

मी पुन्हा पाटीकडे वळलो. बाबा चहा घेऊन बाहेर आला. रक्ताने माखलेला माझा अंगठा त्याने पाहिला.

“बसा जरा, भाऊ,” तो म्हणाला. “घाई काय हाय? बाकीचं उद्या करा.”